मदत हवी आहे: मुद्दाम चूक घडवली तरी सीपी एक्झिट कोड ० देते

मंडळी, लिनक्सवाल्यांसाठी प्रश्न आहे.

एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली आहे. जुन्या फाइल्स सीपीने (कॉपी करणारी कमांड) दुसऱ्या डिस्कवर न्यायच्या, चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळला की मूळ फाइल उडवायची. सीपी संपताना एक्झिट कोड देते: ० म्हणजे सगळं ठीक, दुसरं काही म्हणजे चूक. थेट एमव्ही (फाइल हलवणारी कमांड) का नाही, असं कुणी विचारेल. दोन वेगळ्या फाइलसिस्टिम असल्या की एमव्हीही आतून आधी कॉपी आणि मग डिलीटच करते, आणि मला मध्ये चेकसम ताडायचा आहे. मूळ फाइल उडवण्याआधी, कॉपी फसली तर नेमकं काय होतं हे डोळ्यांनी बघावं म्हणून अडथळे घालत बसलोय.

पहिला अडथळा परवानगीचा. सीएचमॉड ००० केलं (फाइलच्या सगळ्या परवानग्या काढल्या), तरी कॉपी सुखरूप! अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं की टेस्ट कंटेनरमध्ये रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून चालत होती, आणि रूटला कोण अडवणार? साधा युजर केला तेव्हा 'परमिशन डिनाइड' आणि कोड १ आला.

दुसरा, डिस्क भरण्याचा. १ एमबीचा टीएमपीएफएस (मेमरीत राहणारी फाइलसिस्टिम) माउंट केला आणि त्यात १० एमबीची फाइल कोंबली. कोड १ मिळाला, पण अर्धवट फाइल तिथेच पडून राहिली. माझी स्क्रिप्ट पुढच्या फेरीत 'फाइल आहेच' म्हणून ती सोडून द्यायची. आता आधी तात्पुरत्या नावाने कॉपी करतो, मग नाव बदलतो. (आरसिंक ही दुसरी कॉपी कमांड हे आपणहून करते, कोडही नेमके देते: २३ म्हणजे काही फाइल्स गेल्याच नाहीत, २४ म्हणजे मूळ फाइल मध्येच गायब झाली. सीपीकडे सगळ्या दुखण्यांना एकच १.)

घोडं अडलंय ते तिसऱ्यात. कॉपी निम्म्यावर असताना डिस्क एरर यावी म्हणून एसट्रेसने (प्रोग्रॅमचे सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलकडे केलेल्या मागण्या, दाखवणारं आणि त्यात खोटी एरर घुसवू देणारं साधन) तिसऱ्या 'राइट' कॉलला ईआयओ (वाचन-लेखनाची एरर) दिली:

एसट्रेस -ई इंजेक्ट=राइट:एरर=ईआयओ:व्हेन=३ सीपी मोठी.बिन प्रत.बिन

जुन्या मशीनवर (कोअरयूटिल्स ८.३२; सीपी याच संचात येते) बरोबर फसतं. प्रत २,६२,१४४ बाइट्सवर थांबते, म्हणजे १२८ केबीचे दोन घास गेले आणि तिसऱ्याला ठसका. नव्या मशीनवर (९.४) मात्र कोड ०, प्रत पूर्ण, चेकसमही जुळतो. दोन्हीकडे ईएक्सटी४ फाइलसिस्टिम आहे. माझं काय चुकतंय?

प्रतिसाद १

नवी सीपी तुमच्या राइटला हातच लावत नाही. ९.० पासून ती आधी रीफ्लिंक (डेटा न हलवता दोन्ही फाइल्सनी तोच वापरणं) करून बघते, ते जमलं नाही तर कॉपी_फाइल_रेंज हा सिस्टिम कॉल वापरते, म्हणजे डेटा कर्नलच्या आतल्या आत हलतो. तुम्ही पुढच्या दाराला कुलूप लावून बसलात, माल मागच्या दाराने गेला. 'राइट'च्या जागी कॉपी_फाइल_रेंज घाला. आणि व्हेन=३ ठेवू नका. अख्खी फाइल एकाच कॉलमध्ये जाऊ शकते, तिसरा कॉल येणारच नाही. --डीबग लावून सीपी चालवा, ऑफलोड झालं (काम कर्नलकडे सोपवलं) की नाही ते तीच सांगेल.

धागाकर्ता

अगदी तेच निघालं! व्हेन=१ केलं तर कोड १ आणि ० बाइटची प्रत. गंमत म्हणून ईआयओऐवजी ईएक्सडीईव्ही ('दोन वेगळ्या फाइलसिस्टिम' ही एरर) इंजेक्ट केलं, तर सीपी मुकाट्याने जुन्या रीड-राइटवर आली आणि कॉपी पूर्ण केली. टीएमपीएफएसची टेस्ट दोन्हीकडे का चालत होती तेही उमगलं: फाइलसिस्टिमचा प्रकारच वेगळा, त्यामुळे तिथे राइटच वापरलं जात होतं.

प्रतिसाद २

थोडा मोडता घालतो. सीपी स्वतः एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर लिहायला लावणारा कॉल) करत नाही. ० आला तेव्हा डेटा डिस्कवर पोचलेला असेलच असं नाही, आणि लगेच काढलेला चेकसम बहुधा मेमरीतल्या कॅशमधूनच वाचला जातो. म्हणजे तुम्ही रॅमची परीक्षा घेताय, डिस्कची नाही. मूळ फाइल उडवण्याआधी सिंक कमांडला प्रतीचं नाव द्या आणि तिचाही एक्झिट कोड बघा. हे तपासायला एसट्रेस पुरणार नाही. डिव्हाइस मॅपरमधलं (कर्नलमधली आभासी डिस्क बनवण्याची सोय) डीएम-फ्लेकी घ्या, त्यात डिस्क काही सेकंद नीट चालते आणि काही सेकंद एरर देते.

आणि स्क्रिप्टमध्ये सीपीचा आउटपुट पाइपने 'टी'ला (आउटपुट पडद्यावर आणि फाइलमध्येही लिहिणारी कमांड) देऊन लॉग करत असाल तर पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी चूक कळवणारा शेलचा पर्याय) चालू आहे ना? नाहीतर हाती लागतो तो टीचा कोड.

धागाकर्ता

पाइपफेल नव्हतं. म्हणजे खऱ्या स्क्रिप्टमध्ये आजवर मी टीचाच कोड तपासत होतो; टेस्टमध्ये लॉग बंद असल्याने कधी लक्षातच आलं नाही. मूळ फाइल डिलीट करणारी ओळ तूर्त कॉमेंट करून टाकली आहे. डीएम-फ्लेकी लावून बघतो, अडलो तर इथेच विचारतो.