मदत हवी आहे: स्नायूचं तापमान गणितात ५१ अंश, प्रोबवर ४१.८. कुठे चुकतंय?

कोमटपाणी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आता अडलंय म्हणून पहिलाच धागा काढतोय.

मी मेडिकल फिजिक्सचा विद्यार्थी. मांडीतल्या सार्कोमाला (स्नायू-चरबीसारख्या ऊतींतली कॅन्सरची गाठ) केमोच्या जोडीने रेडिओलहरींनी तासभर तापवतात (हायपरथर्मिया), त्यावर प्रोजेक्ट करतोय. गाठ ४१ ते ४३ अंशांत ठेवायची असते. तापमान मोजायचा प्रोब एक-दोन ठिकाणीच घालता येतो, बाकी मांडीत काय चाललंय ते गणितानेच काढायचं. आणि त्यात एक अंशही महागात पडतो. ४३ अंशांवरची मिनिटं हे माप धरलं तर ४२ वर काढलेला तास १५ मिनिटांचा भरतो, ४१ वर काढलेला पावणेचार मिनिटांचा.

पेनेसचं १९४८चं समीकरण घेतलंय: उष्णतेचं वहन, रक्ताने वाहून नेलेली उष्णता आणि यंत्राने ओतलेली. त्वचा, चरबी, स्नायू असे तीन थर, एकाच मितीत. उष्णतावाहकता स्नायूला ०.५, चरबीला ०.२. स्नायूतलं शोषण किलोला ४० वॅट. रक्तप्रवाह घनमीटरला सेकंदाला ०.५ किलो, धमनीतलं रक्त ३७ अंशांवर.

अगरच्या फँटमवर (मांडीच्या जागी तापवायचा जेलीसारखा नमुना) हाच कोड अर्ध्या अंशाच्या आत जुळला, तेव्हा मी चहा पाजला होता सगळ्यांना. मग एका रुग्णाचा, ओळख पुसलेला जुना आलेख मिळाला. त्यात प्रोब गाठीशेजारच्या निरोगी स्नायूत आहे. पहिली सहा-सात मिनिटं दोन्ही रेषा एकमेकींवर बसतात. नंतर माझी चढतच जाते आणि साठाव्या मिनिटाला ५१ गाठते. प्रोबची रेषा ४२.३ पर्यंत जाते, थोडी खाली येते आणि ४१.८ वर बसते. यंत्राची पॉवर मध्ये बदललेली नाही, नोंदवही पाहिली.

जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा. गाइड सुट्टीवर आहेत आणि सोमवारी सादरीकरण.

तिरकस रेघ
आधी एककं तपासा. रक्तप्रवाह वैद्यकीय पुस्तकांत १०० ग्रॅम ऊतीला मिनिटाला अमुक मिलिलिटर असा देतात. तिथून घनमीटर-सेकंदात येताना भलेभले घसरतात.

कोमटपाणी
ते गेल्या आठवड्यात करून झालं :) किलोमध्ये आणलेल्या आकड्याला पुन्हा रक्ताच्या घनतेने गुणलं होतं. तापमान ३७ वरून हलेचना, दोन दिवस गेले. आता ३ मिलिलिटरचे साधारण ०.५ किलो येतात. बरोबर ना?

तिरकस रेघ
बरोबर. मग माझी धाव इथपर्यंतच. धागा वर आणतो.

गुडघेदुखी
अवांतर: फिजिओकडे मला मशिनने शेक देतात तो हाच प्रकार का? मला तर नुसतं कोमट लागतं.

कोमटपाणी
डायथर्मी (लहरींनी आतून शेक) असेल तर जवळचा नातेवाईक म्हणा. तिथे प्रोब वगैरे नसतो, "कोमट लागतंय, चटका नाही" हे तुमचं सांगणं हाच तापमापी. म्हणून तर ज्या भागाला स्पर्श नीट कळत नाही तिथे जपतात.

मायक्रोवेव्हवाला
उशिरा पाहिला धागा. कोमटपाणी, तुमचा कोड बरोबर आहे, मांडी तुम्ही मेलेली धरली आहे. म्हणजे अगदी मेलेली नाही, पण तिला गरम होतंय हे कळतच नाही अशी.

कागदावर करून पाहा. ४० वॅट किलोला म्हणजे घनमीटरला सुमारे ४२,००० वॅट. अर्धा किलो रक्त गुणिले विशिष्ट उष्मा ३६०० म्हणजे दर अंशाला १८०० वॅट बाहेर. भागाकार २३. वहन सोडलं तर स्नायू ३७ अधिक २३, म्हणजे ६० अंशांवर जाऊन थांबेल. तुमचे ५१ अजून वाटेतच आहेत. फँटम जुळला कारण त्यात रक्तच नव्हतं, आणि पहिली मिनिटं जुळली कारण तेवढ्यात रक्ताने काही वाहून नेलेलं नसतं.

जिवंत स्नायू ४०च्या पुढे गेला की रक्तवाहिन्या फुलतात, प्रवाह कित्येक पट होतो. लँग आणि सहकाऱ्यांचं १९९९चं सूत्र वापरा: ०.४५, अधिक ३.५५ गुणिले ई, ज्याचा घात ऋण, (४५ वजा तापमान) यांचा वर्ग भागिले १२. पंचेचाळीसला प्रवाह ४ होतो, जवळजवळ नऊपट, आणि पुढे तिथेच धरायचा. आता ४२ अंशांना काढा. प्रवाह २.१३, बाहेर जाणारी उष्णता दर अंशाला सुमारे ७,७०० वॅट, वाढ साडेपाच अंश. म्हणजे ४२च्या थोडं वर तोल साधतो. तुमचा प्रोब काय म्हणतोय?

चरबीला मात्र हेच सूत्र लावू नका. त्यांच्याच सूत्रात तिचा प्रवाह जेमतेम दुप्पट होतो, आणि वहनही कमी. म्हणून वरून गार पाण्याची बोलस पिशवी लागते. गाठीच्या वाहिन्या तर स्नायूसारख्या फुलत नाहीत, जास्त तापल्यावर प्रवाह उलट घटतो. शेजारचा स्नायू गार राहून गाठ तापते ती याच फरकाने.

तिरकस रेघ
+१. प्रोब कसला होता? धातूचा थर्मोकपल (दोन तारांच्या जोडाचा तापमापी) असेल तर रेडिओलहरींत तो स्वतःच तापू शकतो. मग पॉवर क्षणभर बंद करूनच वाचायचा.

कोमटपाणी
फायबर ऑप्टिकचा, धातू नाही, कॅथेटरमधून (बारीक नळीतून) घातलेला. म्हणजे तिथे शंका नाही.

मायक्रोवेव्हवाला, साष्टांग नमस्कार! सूत्र घातलं, रेषा ४२.१ वर सपाट झाली. पण मध्ये उंचवटा काही येत नाही. प्रोबची वर जाऊन खाली येते, माझी गुमान चढून बसते.

मायक्रोवेव्हवाला
कारण सूत्रातला प्रवाह त्याच क्षणी वाढतो, शरीराला वेळ लागतो. प्रवाहाला काही मिनिटांचा विलंब द्या. आणि एवढा वेळ तापवल्यावर रुग्णाचं सगळं अंग थोडं तापतं, तेव्हा धमनीतलं रक्त शेवटपर्यंत ३७ धरू नका. अन्ननलिकेचं किंवा गुदाशयाचं तापमान नोंदलेलं असेल, ते घाला.

कोमटपाणी
गुदाशयाचं सापडलं. सुरुवातीला ३६.९, शेवटी ३७.८.

तीन मिनिटांचा विलंब दिला आणि उंचवटा आला! फक्त प्रोबच्या ४२.३ ऐवजी माझा ४२.९ ला. तीनचे दोन केले तर बरोबर बसतो, पण तो आलेख बघून बसवलेला आकडा झाला. सोमवारी कोणी "दोनच का?" विचारलं तर काय सांगू?

मायक्रोवेव्हवाला
बसवलाय असंच सांगा. दुसऱ्या रुग्णाचा आलेख मागून घ्या आणि दोनला हात न लावता चालवून बघा.