एएफआर मीटर म्हणतो पेट्रोल कमी, प्लग म्हणतो जास्त. कोणाचं ऐकू?

जिनिंगवाला_चोपडा

राम राम मंडळी. गाडी यामाहा एफझेड-१६, २०११ची, ७१ हजार किलोमीटर झालेली. इंजिन उघडलेलं नाही. कार्ब (कार्ब्युरेटर, हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) मूळचाच, बीएस२६.

मी कापसाच्या जिनिंगमध्ये मोटारी आणि पॅनेल बघतो, म्हणजे दिवसभर मीटरच हातात. क्लॅम्प मीटर १८ अँपिअर म्हणाला की १८ अँपिअर, त्यात वाद नसतो. म्हणून गाडीलाही एएफआर मीटर (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) लावला, आणि आता पंधरा दिवस झाले, झोप नाही.

सुरुवात अशी. मागच्या वर्षी मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला (बायकोला तो पहिल्या दिवसापासून आवडत नाही, ते सोडा). तेव्हापासून रेस सोडली की फटाके, आणि चौथ्या गिअरमध्ये चाळीसवरून रेस दिली की गाडी आधी दम खाते, मग उचलते. मेस्तरीने मिक्श्चर स्क्रू (रेस सोडलेली असतानाचं मिश्रण लावायचा) अर्धा फेरा सोडला, दोन दिवस बरं वाटलं, परत तेच. पुण्याच्या मित्राकडे कारचा वाइडबँड एएफआर मीटर पडून होता, बॉशच्या सेन्सरसकट. तो आणला, लेथवाल्याकडून १८ मिलिमीटर आट्यांचा नट करून बेंड पाइपवर (इंजिनमधून सायलेन्सरकडे धूर नेणारा) वेल्ड करून घेतला. मीटर टाकीवर चिकटपट्टीने बांधला, वर मोबाइल लावून व्हिडिओ काढतो आणि घरी येऊन आकडे वहीत उतरवतो.

पहिल्या दिवशीचे आकडे (एक भाग पेट्रोलला किती भाग हवा; आकडा मोठा म्हणजे पेट्रोल कमी): आयडलला, म्हणजे रेस न देता नुसती चालू असताना, १६.८ ते १७.२, साठच्या चालीला १५.१, फुल रेसला १३.४. म्हटलं बरोबर आहे, पेट्रोल कमी पडतंय. मेन जेट (जास्त रेसला पेट्रोल सोडणारं भोक) एक साइज मोठा टाकला, फुल रेसला १२.७ आला. खूश. कार्बमधल्या सुईखाली (ती वर उचलली की मधल्या रेसला पेट्रोल वाढतं) अर्ध्या मिलिमीटरचे दोन वॉशर टाकले, साठला १३.२. पण आयडल हलेना. पायलट जेट (आयडलला पेट्रोल सोडणारं भोक) एक साइज मोठा केला, स्क्रू दोन फेऱ्यांवरून साडेतीनवर नेला, तरी १६.५, मध्येच १७.

आता परिस्थिती अशी की प्लग चुलीवरच्या तव्याच्या बुडासारखा काळा. ॲव्हरेज ४५ वरून ३३ वर आलंय. सकाळी चोकशिवाय पहिल्या किकला सुरू होते, पण सिग्नलला उभी राहिली की धडधडते आणि मागच्या गाडीवाल्याचे डोळे चुरचुरतात. मीटर अजूनही म्हणतो आयडलला पेट्रोल कमी. पायलट अजून एक साइज वाढवू का?

शेवभाजी_फर्स्ट

नको वाढवू भो! तो मीटर विकून टाक, येतील त्या पैशात आपण सगळे शेवभाजी खाऊ. आमचे मेस्तरी आयुष्यभर कान आणि प्लगवर गाड्या लावायचे. प्लगच्या बुडाला चहाचा रंग आला की गाडी बरोबर. काळा म्हणजे काळा.

लळिंगउतार

वरच्या भाऊंचा निकाल बरोबर आहे, पण मीटर विकू नका. धुळ्यात माझं बावीस वर्षं गॅरेज होतं, आता मुलगा बघतो. हाच गोंधळ मी तीन-चार गाड्यांवर पाहिलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा क्लॅम्प मीटर तारेतून जाणारा करंटच मोजतो. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही. जळून गेल्यावर धुरात ऑक्सिजन किती उरला ते बघतो आणि त्यावरून हिशेब करून आकडा दाखवतो. तो ऑक्सिजन सिलिंडरमधूनच आला असं तो धरून चालतो. भलत्या वाटेने हवा आत आली तरी तिचा हिशेब पेट्रोल कमी असाच लागणार. तुमच्या गाडीत अशी हवा कुठून येत असेल ते बघा.

पहिली वाट कंपनीनेच करून दिलीये. टाकी काढा. एअर फिल्टरच्या डब्याकडून निघून इंजिनच्या हेडकडे जाणारी बोटभर जाडीची रबरी नळी दिसेल, मध्ये एक व्हॉल्व्ह. धुरातलं अर्धवट जळालेलं पेट्रोल बाहेर पडायच्या आधी जळावं म्हणून ती एक्झॉस्ट पोर्टमध्ये (धूर बाहेर पडायच्या तोंडात) ताजी हवा सोडते. प्रदूषणाच्या दृष्टीने उत्तम सोय, पण तुमचा सेन्सर तिच्या पुढे बसलाय. आयडलला धूर थोडा असतो, त्यात ही हवा मिसळली की १७ सहज दिसतो. फुल रेसला धूर इतका असतो की त्या हवेचा फरक जाणवत नाही, म्हणून तिथले आकडे तुम्हाला पटण्यासारखे आले.

दुसरी वाट बेंड पाइपची पॅकिंग. सायलेन्सर बदलताना जुनीच दाबून बसवली असेल तर ती नक्की श्वास घेते. धुराचा एक धक्का गेला की मागे पोकळी होते, आणि तेवढ्यात बाहेरची हवा आत. तपासायला सोपं आहे: इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडातून ब्लोअरची हवा सोडा (जिनिंगमध्ये ब्लोअरची काय कमी!) आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे सांगतील.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पेट्रोल फारच जास्त झालं की एखादी ठिणगी वाया जाते. त्या फेऱ्यातली हवा न जळता तशीच बाहेर पडते, तिच्यातला सगळा ऑक्सिजन सेन्सरला भेटतो आणि मीटर म्हणतो पेट्रोल कमी. तुम्ही अजून वाढवता, अजून ठिणग्या वाया जातात. तुमची धडधड आणि मागच्याच्या डोळ्यांतलं पाणी हेच सांगतंय. चोक न लावता पहिल्या किकला सुरू होणं हे कौतुकाचं लक्षण नाही, भाऊ. थंड इंजिनाला जेवढं जास्त पेट्रोल लागतं तेवढं तुमचा पायलट रोजच पाजतोय.

आणि मोठ्या तोंडाच्या आखूड सायलेन्सरमधून आयडलला मागूनही हवा आत खेचली जाते. म्हणून आयडलसाठी मी मीटर बघतच नाही. इंजिन गरम करायचं, स्क्रू हळूहळू फिरवत आरपीएम सगळ्यात वर कुठे जातो ते शोधायचं, मग आयडल स्क्रूने फेरे खाली आणायचे. मीटर पाव रेसच्या पुढे वापरायचा.

स्क्रूबद्दल एक सावधगिरी, कारण इथे बरेच जण बुलेटवाले आहेत. एफझेडच्या कार्बमध्ये हा स्क्रू इंजिनच्या बाजूला आहे, सोडला की पेट्रोल वाढतं. जुन्या बुलेटच्या व्हीएम कार्बमध्ये तो एअर फिल्टरच्या बाजूला असतो आणि हवा सोडतो, म्हणजे सोडला की पेट्रोल कमी. एकाचा सल्ला दुसऱ्याच्या गाडीवर लावला की झाली गंमत.

तुमची सुरुवातीची तक्रार मात्र खरी होती. मोकळा सायलेन्सर हे एक कारण, आणि पंपावर आता ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं हे दुसरं. साध्या पेट्रोलला एक किलो पूर्ण जाळायला १४.७ किलो हवा लागते, ई२०ला साधारण साडेतेरा. इंजेक्शनच्या गाडीत संगणक सांभाळून घेतो, कार्बला ते कळत नाही, तो आपला भोकाच्या मापाने ओततो. दहा टक्क्यांवरून वीस टक्के इथेनॉलवर आलं की मिश्रण तीन-चार टक्के पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. मीटर मात्र जुन्याच १४.७च्या मापात दाखवतो. त्यामुळे साडेतेराशी तुलना करू नका, मीटरवर १४.७ म्हणजे पेट्रोल आणि हवा दोन्ही पूर्ण संपली एवढंच समजा. आपल्या एअरकूल्ड गाडीला चालीवर १३.५ ते १४.२ आणि फुल रेसला १२.५ ते १३ ठेवलं की मी समाधानी असतो.

तेव्हा मेन जेट तसाच ठेवा. पायलट मूळचा टाका, स्क्रू दोन फेऱ्यांवर आणा. पॅकिंग नवीन. नळी काढून दोन्ही तोंडं बंद करा, आकडे घ्या, आणि काम झालं की नळी परत लावा.

केळीबाग_यावल

सेन्सर बसवलाय कसा तेही बघा. पाइपच्या खालच्या अंगाला लटकता लावला असेल तर सकाळी पाइपातलं पाणी त्यात जातं आणि तापलेला सेन्सर तडकतो. वरच्या बाजूला, थोडा तिरपा हवा. आणि मीटरचा फ्यूज काढून गाडी फिरवायची नाही. आतला हीटर बंद असताना धूर लागला की काजळी धरते. माझा एक असाच गेला.

जिनिंगवाला_चोपडा

सेन्सर वरच आहे, वाचलो.

आज रविवार, सकाळी सहाला टाकी उतरवली. आधी ब्लोअर. हेडजवळच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं तर करडईच्या दाण्याएवढे बुडबुडे, एका बाजूला ओळीने. पॅकिंग काढली तर अर्धी पापडासारखी तुटून हातात आली. नवीन बसवून गाडी गरम केली, आयडल १७ वरून १६.१. म्हटलं एवढंच?

मग नळी. खरंच होती, लळिंगदादा! १५ वर्षं गाडी माझ्याकडे आहे आणि मी त्या नळीला पाण्याची निथळ समजत होतो. व्हॉल्व्हच्या तोंडाला जाड बोल्ट खुपसून क्लिप आवळली, डब्याकडचं तोंड रबरी बुचाने बंद केलं. गाडी सुरू केली. सेन्सर गरम व्हायला अर्धं मिनिट जातं, तेवढा वेळ मीटरवर नुसत्या रेघा. मग आकडा उमटला: ११.२.

मी मीटर बंद करून परत सुरू केला. ११.३. पंधरा दिवस मी तहानलेली समजून जिला पाजत होतो ती गळ्यापर्यंत बुडालेली होती.

पायलट मूळचा टाकला. स्क्रू कानाने लावला, सव्वादोन फेऱ्यांवर आरपीएम सगळ्यात वर गेला. आता मीटर बघितला तर १३.४, म्हणजे कान आणि मीटर पहिल्यांदाच एकमेकांशी बोलले. सुईखालचा एक वॉशर काढला, एक ठेवला. मग शिरपूर रस्त्यावर निघालो. ॲक्सिलेटरच्या मुठीवर पांढरी पट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या होत्या. साठच्या चालीला, म्हणजे पाव रेसला, १३.९. फुल रेसला १२.८. चाळीसवरून उचलताना दम खात नाही. फटाके अजून एखादा येतो, तेवढा चालेल.

परत येऊन नळी जोडली. आयडल परत १६.३! आता तो आकडा बघून हसू येतं. ॲव्हरेज टाकी फुल करून पुढच्या आठवड्यात सांगतो.

शेवभाजी_फर्स्ट

काय सांगस भाऊ! तरी प्लग मीच आधी ओळखला हे वहीत लिहून ठेव. आणि त्या सायलेन्सरचं काय ठरलं?

जिनिंगवाला_चोपडा

सायलेन्सरचा विषय घरी निघालाय, इथे नको. ॲव्हरेज ४२.

लळिंगउतार

छान. एक राहिलं. तुम्ही हे सगळं मे महिन्यात केलंय, ४४ डिग्रीत. गरम हवा विरळ असते, कार्ब तिच्यात पेट्रोल थोडं जास्तच मिसळतो. डिसेंबरात पहाटे आपल्याकडे पारा आठ-दहावर येतो, हवा बारा टक्के दाट होते आणि मिश्रण सुमारे सहा टक्के पातळ. म्हणजे आजचा १३.९ तेव्हा १४.७च्या आसपास दिसेल. तोरणमाळला गेलात तर उलटं, वर हवा विरळ म्हणून गाडी जड वाटेल. तिथे काही खोलू नका, खाली उतरलात की ठीक होईल.

आणि दुपारी गाडी उन्हात उभी असेल तर पहिल्या पाच-सात किलोमीटरचे आकडे वहीत लिहू नका. कार्बच्या वाटीतलं पेट्रोल तापून वाफ होत असते, आकडा काहीही येतो.

डिसेंबरात थंडीत गाडी दम खायला लागली तर तो काढलेला वॉशर परत टाका. ठेवलाय ना जपून?

जिनिंगवाला_चोपडा

आईच्या मिसरीच्या रिकाम्या डबीत, देवघराच्या वरच्या फळीवर. मोठा पायलट जेटही त्यातच आहे. डबीवर चिठ्ठी लावलीये: "हा जेट परत टाकू नको".