पक्की नोकरी की स्वतंत्र कंत्राट? अनुभव आकड्यांत सांगा

"अठरा लाखांची नोकरी आहे, समोरून महिना पावणेदोन लाखांचं कंत्राट आलंय, घेऊ का?" हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येत राहतो, आणि उत्तरादाखल येतात त्या सगळ्या आपबीत्या. त्या पुष्कळ झाल्या. ज्यांना यातलं कळतं त्यांनी या धाग्यावर फक्त हिशेब, कागद आणि कुठे फसायला होतं तेवढं लिहावं. मालक कसा होता, साहेब कसा होता, हे नको.

सॉफ्टवेअर, पुणे

पावणेदोन लाख गुणिले बारा म्हणजे एकवीस लाख, हा हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो. कंत्राटात पैसे भरलेल्या दिवसाचेच मिळतात. ३६५ मधून शनिवार-रविवार १०४ गेले, उरले २६१. सणावाराचे दहा गेले, २५१. आजारपण, लग्नकार्यं, गावाकडच्या फेऱ्या मिळून २१ धरा, राहिले २३०. एक काम संपून दुसरं सुरू होईपर्यंत दोनेक महिने रिकामे जातात, म्हणजे कामाचे ४० दिवस. बिल लावता येईल असे हातात उरतात १९०.

आता दर. अठरा लाखांत स्वतःचा आरोग्य विमा, सीएची फी, लॅपटॉपची झीज, इन्व्हर्टर, दुसरं इंटरनेट कनेक्शन मिळून लाखभर घाला. १९ लाख भागिले १९० म्हणजे दिवसाला १०,०००. ही बरोबरी आहे, नफा नव्हे. समोरून आलेले पावणेदोन लाख भागिले महिन्याचे कामाचे २२ दिवस केले की दिवसाला ७,९५० च्या आसपास पडतात. १९० दिवसांचे झाले १५ लाख १० हजार. वरून तीन लाख जास्त दिसणारा आकडा आतून जवळपास तीन लाखांनी कमी आहे, आणि लाखाचा खर्च वेगळाच.

मनुष्यबळ विभाग, हिंजवडी

आधी 'कंत्राट' म्हणजे नेमकं काय ते विचारा. एकाच शब्दाखाली तीन गोष्टी खपतात.

एक, थर्ड पार्टी पेरोल: काम मोठ्या कंपनीत, नेमणूकपत्र एजन्सीचं. इथे पीएफ कापतात, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) मिळतो, कायद्याने तुम्ही नोकरदारच. दोन, मुदतीची नेमणूक: कंपनीच्याच पेरोलवर, पण वर्ष-दोन वर्षांसाठी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यावर अशा माणसाला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आला आहे. तीन, सल्लागार: तुम्ही बिल द्यायचं, ते टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापून पैसे देणार आणि त्याचा दाखला, फॉर्म १६ए, हातात ठेवणार. रजा, बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी सुट्टी, ग्रॅच्युइटी, यातलं काहीच नाही.

तोंडी बोलण्यात तिन्हींना 'कॉन्ट्रॅक्ट रोल' म्हणतात. एकच प्रश्न विचारा: "टीडीएस पगार म्हणून कापणार की व्यावसायिक फी म्हणून?" उत्तरावरून तुम्ही नोकरदार की सल्लागार ते कळतं.

करसल्लागार, ठाणे

पुणेकरांचा हिशेब करापर्यंत नेला नाही, तर एकतर्फी राहतो. अभियांत्रिकी, माहिती तंत्रज्ञान, वैद्यकीय, वकिली, वास्तुकला अशा ठराविक व्यवसायांना आयकराच्या ४४एडीए कलमाची सोय आहे. (नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, लोकांच्या तोंडी जुनाच राहणार.) जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न दाखवायची, वह्या ठेवायची सक्ती नाही. वर्षाच्या जमेची मर्यादा ५० लाख. रोखीतली जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख.

१५ लाख १० हजारांवर करपात्र झाले साडेसात लाख. २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत सवलत, म्हणून कर शून्य. अठरा लाखांच्या नोकरदाराला, मूळ पगार निम्मा आणि त्यावर पूर्ण पीएफ धरला, तर सुमारे १ लाख २० हजार कर बसतो. म्हणजे फरक आटतो, पण मिटत नाही: नोकरीत पीएफ-ग्रॅच्युइटी धरून १६ लाख ८० हजार, कंत्राटात खर्च वजा जाता १४ लाख १० हजार.

दोन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं, समोरचा व्यावसायिक फी म्हणून प्रत्येक बिलातून १० टक्के टीडीएस कापतो. कर शून्य असला तरी दीड लाख विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत तिकडेच. त्यामुळे हातात पैसा नसतो आणि लोक क्रेडिट कार्डावर जगतात. कमी दराने कपातीचा दाखला आयकर खात्याकडून वर्षाच्या सुरुवातीलाच मागता येतो. दर तिमाहीला २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा) उघडून बघा. कापलेला टीडीएस भरलाच नाही, हे प्रकार मार्चनंतर लक्षात आले तर पाठपुरावा जड जातो.

दुसरं, जीएसटी. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की नोंदणी आणि १८ टक्के. घराचं भाडं येत असेल तर तेही या २० लाखांत मोजतात, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. नोंदणी झाल्यावर कर बिलाच्या तारखेवर देय होतो. समोरच्याने साठ दिवसांनी पैसे दिले, तरी तुम्ही आधीच खिशातून भरलेला असतो. परदेशी ग्राहक असेल तर एलयूटी (जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र) भरून ठेवा, म्हणजे कर न लावता बिल देता येतं.

सॉफ्टवेअर, पुणे

मान्य. म्हणून मी दर दहा हजारांच्या खाली आणणार नाही. करात वाचलेलं हे रिकाम्या महिन्यांसाठी आहे, ग्राहकाला सूट द्यायला नाही.

विमा, कोल्हापूर

राजीनाम्याचा मेल पाठवण्याआधी स्वतःची पॉलिसी सुरू झालेली असावी. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. बीपी, शुगर असे आधीचे आजार तीन वर्षांपर्यंत बाहेर राहू शकतात, मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल यांनाही प्रतीक्षाकाळ असतो. कंपनीच्या ग्रुप विम्यात बहुधा हे नसतं, म्हणून आईवडिलांसकट सगळे त्यावर विसंबलेले असतात.

ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि ग्रुपमधली वर्षं प्रतीक्षाकाळात धरतात, पण जुन्या विमा रकमेपुरतीच. तीन लाखांच्या ग्रुपमधून दहा लाखांच्या पॉलिसीत गेलात, तर वरच्या सात लाखांना घड्याळ नव्याने लागतं. यासाठी अर्ज नोकरीत असतानाच करा. मधुमेहाची गोळी सुरू आहे हे फॉर्मवर लिहाच. लपवलं तर दावा तिथेच अडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, तेवढाच दिलासा.

पीएफसोबत येणारं ईडीएलआयचं सात लाखांपर्यंतचं विमाकवचही नोकरीबरोबर जातं. टर्म इन्शुरन्स त्या हिशेबाने वाढवा.

मेंटेनन्स, चाकण

इथे सगळी चर्चा लाखांत चाललीय. ठेकेदारामार्फत लागणाऱ्यांनी तीनच गोष्टी बघा. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तुमच्याच आधारला जोडलाय का. सरकारच्या उमंग ॲपवर पीएफच्या पासबुकात दर महिन्याला रक्कम पडते का. मागच्या महिन्याचा पीएफ १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, म्हणजे विसाव्या तारखेला दिसायला हरकत नाही. आणि वेतन २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी (कामगार विमा) कार्ड मिळालंय का; तुमच्या पगारातून पाऊण टक्काच जातो. स्लिपवर कपात आणि पासबुकात शून्य, असं दोन महिने दिसलं तर ठेकेदाराशी वाद घालत बसू नका, मूळ कंपनीच्या एचआरला लेखी द्या.

भाषांतर, नाशिक

पैसे वेळेवर येणं हे दरापेक्षा मोठं. करारात 'नेट ३०' लिहिलेलं असतं, पण तीस दिवस कशापासून? बिलाच्या तारखेपासून, की टाइमशीट मंजूर झाल्यापासून? मंजुरीला कालमर्यादा नसेल तर तीसाचे सत्तर होतात. "सात दिवसांत हरकत आली नाही तर मंजूर समजावे" हे वाक्य घालून घ्या. एजन्सी मध्ये असेल तर "ग्राहकाकडून पैसे आल्यावर" असं कलम शोधा आणि खोडायला लावा.

काम सुरू व्हायच्या आधीच उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंद) करा. सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंट उगाच पैसे घेतात. लघु उद्योगांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. उद्यम क्रमांक बिलावरच छापा. मोठ्या कंपन्यांचे अकाउंट्सवाले तो बघतात, कारण वेळेत न दिलेला खर्च त्यांना प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करातून वजा मिळत नाही.

गृहकर्ज विभाग, नागपूर

घर घ्यायचं असेल तर कर्ज आधी, राजीनामा नंतर. पगारदाराच्या सहा महिन्यांच्या स्लिपवर जे होतं, त्यासाठी व्यावसायिकाकडे दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात. आणि वर ठाणेकरांनी सांगितलेलं 'निम्मं उत्पन्न' इथे उलटतं: बहुतेक वेळा पात्रता दाखवलेल्या साडेसात लाखांवर निघते, जमेच्या पंधरावर नाही.

मनुष्यबळ विभाग, हिंजवडी

निघताना: पक्क्या नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षं व्हायला थोडे महिने उरले असतील तर थांबा. मूळ पगार ७५,००० असेल तर ७५,००० × १५/२६ × ५, म्हणजे २,१६,३४६ रुपये. पीएफ घाईने काढू नका. पाच वर्षांच्या आत काढलात तर कर लागतो, ठेवलात तर व्याज मिळत राहतं, मात्र नोकरी सुटल्यानंतरचं व्याज करपात्र. पीएफमधल्या पेन्शनला दहा वर्षं लागतात, म्हणून तो भाग काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्या, पुन्हा नोकरी लागली तर वर्षं जोडली जातील. कंपनीने पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल, तर दोन महिन्यांनी ती स्वतः टाकता येते. आधी तपासा, नाहीतर ट्रान्सफर तिथेच अडकतं.