मदत हवी आहे: पावसाला घाबरणारा मुलगा (चिपळूण)

22 जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठी नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. रात्र गच्चीवर काढली. उन्हाळ्यात तो अगदी नॉर्मल असतो. शाळा, मित्र, जेवण सगळं ठीक. पण जून लागला की एकटा झोपत नाही, अंथरूण ओलं होतं, सारखं खिडकीतून नाल्याचं पाणी बघतो. नगरपरिषदेचा भोंगा वाजला की थरथरतो.

बालरोगतज्ज्ञांना दाखवलंय, लघवीचा संसर्ग वगैरे नाही. बातम्या बंद केल्या. पुरासाठी सामानाची बॅग त्यालाच भरायला दिली, त्याने थोडा फरक पडला (खेळण्यांनीच निम्मी भरते, असो). आजी 'मोठा झालास आता' म्हणते, त्याने बिघडतंच.

घर बदलणं शक्य नाही. मुंबई-पुण्याला दर आठवड्याला जाणंही नाही. टेलिमानस (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) 14416 माहीत आहे, अजून फोन केलेला नाही.

टेलिमानसवर लहान मुलांबद्दल पालकांशी मराठीत नीट बोलतात का? चिपळूण-रत्नागिरीत किंवा ऑनलाइन, मुलांसोबत काम करणारं कोणी सुचवाल का? आणि मुसळधार पावसात त्याला कराडला मावशीकडे पाठवावं, की त्याने भीती आणखी पक्की होईल?