माळकरी घर, गोळाफेक आणि मटण

माळकरी_पोरगा
वय 21, वजन 64 किलो, तालुका सांगोला. पोलीस भरतीची तयारी चालू आहे. 1600 मीटर आणि 100 मीटरचं टेन्शन नाही, गाडी अडते गोळ्यापाशी. 7.26 किलोचा गोळा सव्वासहा मीटरच्या पुढं जाईना. ग्राउंडवरची पोरं रोज एकच टेप लावतात, "मटण खा, अंडी खा, पालापाचोळा खाऊन ताकद येत नसती." घरात आम्हा तिघांच्याही गळ्यात माळ. चोरून अंडं खाल्लं तर आईला कळणार नाही, पण मला कळंल ना. माझ्याबरोबरचा एक जण आठवड्यातनं तीनदा चिकन हाणतो आणि साडेसात मीटर टाकतो. मांस खाल्ल्यानंच ताकद येते का? खोटा धीर देऊ नका.

तर्रीबाज
माळ खुंटीला, हात रश्श्यात. विषय संपला.

तालमीतला_काका
वरच्याकडं लक्ष देऊ नको. मी कोल्हापुरात नऊ वर्षं तालमीत काढली. रविवारी मटण शिजायचं, खोटं कशाला बोलू. पण रोजचा खुराक म्हणजे म्हशीचं दूध, तूप आणि थंडाई. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी कुंडीत घोटायची. घोटतानाच खांदे भरून यायचे. तो सुशीलकुमार शाकाहारी, तरी 2008 ला ऑलिंपिकचं कांस्य आणि 2012 ला रौप्य घेऊन आला.
आणि लेका, दोस्त चिकन खातो म्हणूनच लांब टाकतो हे कशावरून? त्याचं वजन किती, गोळा किती दिवस हातात आहे, ते विचारलंस का? गोळा नुसत्या दंडानं जात नाही. मांडीतनं, कमरेतनं वर येतो, हात शेवटी लागतो. बैठका किती मारतोस ते सांग आधी.

फिजिओ_ताई
काकांचं पटतं, पण आहाराचा हिशोब मांडू या. ताकद व्यायामानं येते, प्रोटीन त्याला माल पुरवतं. वजनाचा व्यायाम करणाऱ्या तरुणाला किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम धर, म्हणजे तुला शंभरच्या आसपास. ब्राझीलमध्ये 2021 साली तरुण पोरांवर हे करून पाहिलं. काही पूर्ण व्हीगन, म्हणजे दूधही न घेणारे, काही मांस खाणारे. दोघांनाही एवढंच प्रोटीन (व्हीगनांना वरून सोया, बाकीच्यांना व्हे, म्हणजे दुधातलं प्रोटीन) आणि बारा आठवडे पायांचा व्यायाम. ताकद आणि स्नायू दोन्हीकडं सारखेच वाढले.
प्रोटीनपुरता मटणाचा फायदा एवढाच की थोडक्यात काम होतं. आता तुझं ताट बघ. ज्वारीच्या चार भाकरी धरल्या तर तीसेक ग्रॅम, दोन वाट्या आमटी दहा-बारा, भात-भाजी मिळून सात-आठ, कपभर दूध सहा. पन्नास-पंचावन्नला गाडी थांबते. एकादशीला तर साबुदाण्यातला दाण्याचा कूटच काय तो खरा! उरलेलं असं भर: 50 ग्रॅम सोयाच्या वड्या (26 ग्रॅम), अर्धा लिटर दूध (16), मूठभर शेंगदाणे (7).
मांसाहारात खरोखर जास्त असतात त्या दोन गोष्टी. एक बी-12 जीवनसत्त्व. ते एकदा रक्तात तपासून घे, आमच्याकडं येणाऱ्या शाकाहारी पोरांत कमी निघणं नवं नाही. दुसरं क्रिएटिन, म्हणजे स्नायूला झटक्यात जोर पुरवणारा पदार्थ. किलोभर कच्च्या मांसात ते चार-पाच ग्रॅम असतं, शाकाहाऱ्याच्या स्नायूत त्याचा साठा कमी असतो. गोळाफेकीसारख्या झटक्याच्या कामाला ते उपयोगी. पावडर कारखान्यात रसायनांपासून बनते, त्यात प्राण्याचं काही नसतं. रोज तीन ते पाच ग्रॅम. कॅप्सूल मात्र घेऊ नकोस, वेष्टन जिलेटिनचं असू शकतं. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

माळकरी_पोरगा
काका, बैठका साठ. दोस्ताचं वजन 78 निघालं आणि दोन वर्षं गोळा टाकतोय. विचारलंच नव्हतं मी कधी.
ताई, आईच्या काट्यावर भाकरीचं पीठ मोजलं. तुमचा हिशोब दोन-चार ग्रॅमनं इकडंतिकडं, बाकी बरोबर. पण वड्यांचं बिनसलं. कुकर उघडला, आईनं आत बघितलं आणि म्हणाली, "हे मटणासारखं दिसतंय, माझ्या भांड्यात नको." पाकिटावरचा हिरवा ठिपका दाखवला तरी ऐकंना.

तालमीतला_काका
साठ? दोनशेवर जा, पण हळूहळू. आणि आईशी वाद घालू नको.

फिजिओ_ताई
वड्या कोरड्याच मिक्सरमधून बारीक काढ आणि चपातीच्या कणकेत मिसळ. भाकरीत नको, थापताना चिरा जातील. आणि हे आईला सांगूनच कर हं.

माळकरी_पोरगा
सांगितलं. म्हणाली, पीठ असंल तर चालंल.