क्रॉस-कंट्री सोलोसाठी टॅबलेट: सोलापूरच्या उन्हात त्यावर किती विसंबायचं?

आकाशवेडी_जुळेसोलापूर

नमस्कार. मी बारामतीला सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) करतेय, सध्या सुट्टीला घरी आलेय. परत गेले की सोलो क्रॉस-कंट्री, म्हणजे एकटीनं दुसऱ्या विमानतळापर्यंतची उड्डाणं, सुरू होतील. पहिला रूट बारामती–सोलापूर–बारामती मिळावा म्हणून मी सरांच्या मागेच लागलेय. होटगी रोडला माझी आत्या राहते. कधीतरीच विमान यायचं तेव्हा आवाज आला की आम्ही सगळी भावंडं तिच्या गच्चीवर धावायचो. त्या धावपट्टीवर स्वतः उतरायचं, ही माझी फार जुनी इच्छा आहे.

नकाशावर रेघ मारून झालीय. अंतर ८५ नॉटिकल मैल, ट्रॅक, म्हणजे जमिनीवरच्या वाटेची दिशा, साधारण ११५ अंश, वारा नसेल तर ९० नॉटला ५७ मिनिटं. उजनीचं धरण डावीकडे, लगेच भीमा ओलांडायची, मग डावीकडे लांब कुर्डुवाडी आणि उजवीकडे तितकंच लांब पंढरपूर. पुढे मोहोळ, लांबोटीजवळ सीना, आणि मग एनटीपीसीच्या चिमण्या दिसायला हव्यात.

प्रश्न टॅबलेटचा आहे. सीनियर मुलं तो मांडीवर बांधून उडतात. निळ्या रेघेवर छोटं विमान सरकताना दिसतं, हरवायची भीतीच नाही म्हणतात. आमचे सर म्हणतात, आधी कागद आणि घड्याळ. चुलतभाऊ त्याचं जुनं आयपॅड द्यायला तयार आहे, पण ते फक्त वाय-फायवालं, सिमची जागाच नाही. बाबा नवीन घेऊन देतो म्हणतात, पण फ्लाइंगच्या फीनंतर त्यांच्याकडून आणखी पैसे घेताना जिवावर येतं. जुनं चालेल का? एप्रिल-मेच्या उन्हात टिकेल का? आणि मुळात मी ते वापरावं का?

नवीपेठ_रिपेअर

ताई, विमानातलं मला कळत नाही, टॅबलेट मात्र रोज उघडतो. भावाचं घेऊ नका. वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिपच नसते. घरी नकाशा उघडला की ठिकाण बरोबर दाखवतं, म्हणून लोकांना वाटतं जीपीएस आहे. ते आजूबाजूच्या वाय-फायवरून काढलेलं असतं. चार हजार फुटांवर कुणाचं वाय-फाय मिळणार, सांगा की. सिम बसणारं मॉडेल घ्या, त्यात जीपीएस येतं. सिम घालायलाच पाहिजे असं नाही, रिचार्जही नको. सेकंडहँड घेतलं तरी चालेल, पण बॅटरी दाखवून घ्या.

उन्हाचं म्हणाल तर ॲपलनं स्वतःच लिहून ठेवलंय, वापरताना भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश. आपल्याकडे मार्चपासूनच दुपारी ३५ च्या वर असतं. तापलं की आधी स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं, आणि शेवटी थर्मामीटरचं चित्र येऊन सगळं बंद. मग थंड होईपर्यंत काहीच करता येत नाही. जाड रबरी कव्हर काढा, उन्हात चार्जिंगला लावू नका. आणि काही लोक थंड करायला फ्रिजमध्ये ठेवतात, ते अजिबात करू नका. आत दव धरतं आणि मग ते माझ्या टेबलावर येतं.

उडाणटप्पू_कलबुर्गी

मी टॅबलेटवरच उडतो आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. नकाशे आधी उतरवून ठेवले की नेट लागत नाही, विमान मोडवरही जीपीएस चालतं. सगळ्यात मोठा फायदा ट्रॅकचा. कंपासवर ११५ धरलंय आणि स्क्रीनवर ट्रॅक १२१ दिसतोय, म्हणजे वारा सहा अंश उजवीकडे ढकलतोय, हे त्याच क्षणी कळतं. कागदावर तेच कळायला तीस मैल जावं लागतं, मग दोन-तीन मैल बाजूला गेल्याचं लक्षात येतं, मग वन-इन-सिक्स्टीचं गणित (साठ मैलांत एक मैल बाजूला म्हणजे एक अंश). एकट्यानं उडताना डोक्यावरचा एवढा भार कमी होत असेल तर का नको? मोठ्या एअरलाइन्सनी तर कागद केव्हाच काढून टाकलाय.

एक सूचना, पोलराइज्ड गॉगल घालू नकोस. टॅबलेट विशिष्ट कोनात फिरवला की त्यातून स्क्रीन काळी दिसते.

होटगी_टॉवरखालचा_काका

मी निवृत्त इन्स्ट्रक्टर आहे. आता सात रस्त्याजवळ राहतो. तुझा रूट वाचून फार बरं वाटलं. त्या वाटेवर मी कितीतरी मुलं पाठवली आहेत.

टॅबलेट घे. तो वाईट आहे असं मी म्हणणार नाही. वरच्या मुलानं ट्रॅकचं सांगितलं ते अगदी खरं आहे, आमच्या काळी हे मिळालं असतं तर आम्ही डोक्यावर घेतलं असतं. पण तो आपल्या भागात नेमका केव्हा बंद पडतो ते आधी समजून घे.

मेमध्ये धावपट्टीवर ४२ अंश असतं. हवा कोरडी असली की वर जाताना हजार फुटांना जवळजवळ तीन अंशांनी थंड होते. म्हणजे जमिनीपासून चार हजार फुटांवर तीसच्या आसपास. तिथे टॅबलेट सुखात असतो, फक्त थेट ऊन स्क्रीनवर येऊ द्यायचं नाही. तो मरतो जमिनीवर. काचेखाली बंद कॉकपिट, इंजिन सुरू व्हायचंय, मग टॅक्सी, मग होल्डवर थांबणं. आणि दुसऱ्यांदा मरतो शेवटी, उतरताना. तू खाली येतेस, हवा तापत जाते, ऊन समोरून येतं, आणि नेमकं तेव्हाच तुला नवख्या विमानतळाचा चार्ट हवा असतो. मधल्या चाळीस मिनिटांत, जेव्हा तुला त्याची सगळ्यात कमी गरज असते, तेव्हा तो उत्तम चालतो. त्यावर विसंबायचं किती, याचं माझं उत्तर एवढंच: टेकऑफपासून पहिली दहा मिनिटं आणि उतरायच्या आधीची पंधरा मिनिटं तो नाहीच असं धरून तयारी कर. सोलापूरचा एअरोड्रोम चार्ट एएआयच्या (विमानतळ प्राधिकरणाच्या) ईएआयपीवर, म्हणजे ऑनलाइन माहितीपुस्तिकेत, फुकट मिळतो. तो छापून नीबोर्डला (मांडीवर बांधायच्या पाटीला) लाव. फ्रिक्वेन्सी, धावपट्टीच्या दिशा, एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) नंबर, सगळं कागदावर पेन्सिलीनं.

एअरलाइन्सनी कागद काढला, बरोबर आहे. अमेरिकन एअरलाइन्सनं २०१३ मध्ये सोळा किलोच्या बॅगा काढून आयपॅड आणले. एप्रिल २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या एका विमानतळाचा चार्ट ॲपमध्ये दोनदा आला, ॲप बंद पडू लागलं आणि त्यांची डझनावारी उड्डाणं खोळंबली. पण त्यांच्याकडे दोन पायलट असतात, दोन आयपॅड असतात, आणि विमान कुठे आहे हे त्यांना आयपॅड सांगत नाही, विमानातली प्रमाणित यंत्रणा सांगते. तुझ्या सेस्नात तू एकटी असशील. फरक इथे आहे.

आता सवयीचं. पंढरीच्या वाटेवर वारकरी मुक्काम मोजत जातो तसं तू खुणा मोजत जा. उजनी किती वाजता आलं ते लिही. भीमा किती वाजता ओलांडली ते लिही. टॅबलेटवर बघायच्या आधी खिडकीतून बघ, मनाशी ठरव की हे मोहोळच, आणि मग स्क्रीनवर ताडून घे. क्रम उलटा झाला की डोळे बघायचं सोडून देतात. ज्यांनी आधी स्क्रीन बघितली त्यांना दहा मिनिटांनी मी स्क्रीन झाकली तर खालचं गाव सांगता यायचं नाही, आणि हुशार मुलंही त्यात असायची. रेल्वे लक्षात ठेव. कुर्डुवाडीहून येणारा रूळ तुझ्या डावीकडून हळूहळू जवळ येत मोहोळला जवळजवळ तुझ्या रेघेला मिळतो आणि तिथून सोलापूरपर्यंत सोडत नाही. बॅटरी, सॅटेलाइट काहीही नसलं तरी तो रूळ तुला गावात आणून सोडेल.

जीपीएसलाही कुणी भुलवू शकतं. सीमेजवळ असे प्रकार होत असल्यानं डीजीसीएनं (विमान वाहतूक महासंचालनालयानं) नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याबद्दल परिपत्रक काढलं. आपल्याकडे ती भीती कमी, पण सवय तीच ठेवायची.

आणि पेट्रोल. जूनमध्ये पश्चिमेचा वारा वीस नॉट असेल तर येताना तू पाऊण तासात सोलापुरात, आणि परतताना बारामतीला पोचायला सव्वा तासाच्या जवळपास लागेल. टॅबलेट पोचायची वेळ बरोबर दाखवेल. टाकीत किती आहे ते त्याला माहीत नसतं. सेस्ना १५२ तासाला बावीस-तेवीस लिटर पिते, तो हिशेब तुझा तू दर अर्ध्या तासाला लिहायचा.

होटगीरोडकर

इथलाच रहिवासी म्हणून एक सांगतो. सिद्धेश्वर कारखान्याची जी चिमणी विमानतळाला अडथळा म्हणत होते ती १५ जून २०२३ ला पाडली. ॲपमधली माहिती जुनी असेल तर ती अजूनही उभी दिसेल, घाबरू नका. आणि जून २०२५ पासून गोव्याचं विमान इथून सुरू झालंय, तेव्हा धावपट्टी आता पूर्वीसारखी मोकळी नसते. आमच्या गल्लीतली मुलं अजून गच्चीवर धावतात बरं का.

आकाशवेडी_जुळेसोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. काका, तुमचं उत्तर मी वहीत उतरवून घेतलं. बाबांना दाखवलं, त्यांनी दोनदा वाचलं.

सिमचं मॉडेल बघतेय, आकारानं मिनी. मोठं मांडीवर ठेवून बसून बघितलं, योक (विमानाचं स्टिअरिंग) पूर्ण मागे ओढल्यावर अडतं.

अजून एक विचारते. मागच्या मेमध्ये ड्युअलला (सरांसोबतच्या उड्डाणाला) गेलो तेव्हा अल्टिमीटर ५,५०० फूट दाखवत होता आणि सरांच्या टॅबलेटवर ५,९०० च्या वर होतं. क्यूएनएच (अल्टिमीटरवर लावायचा समुद्रसपाटीच्या दाबाचा आकडा) बरोबर होतं, सरांनी टॉवरकडून पुन्हा विचारून घेतलं. मग खरं कुठलं? आणि चिमणी जशी नसून दिसते तसं असून न दिसणारंही काही असेल ना?

होटगी_टॉवरखालचा_काका

दोन्ही खरे. अल्टिमीटर हवेचा दाब मोजतो आणि हवा प्रमाण तापमानाची आहे असं धरून उंची सांगतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८० फुटांवर, म्हणजे आपल्या सोलापूरच्या उंचीवर, ते प्रमाण तापमान १२ अंश. मेमध्ये असतं ४०. तापलेली हवा फुगते, दाबाचे थर वर उचलले जातात आणि तूही त्यांच्यासोबत वर जातेस. दहा अंशांना चार टक्के धर. अठ्ठावीस अंशांचे झाले अकरा टक्के, जमिनीपासून साडेतीन-चार हजार फुटांवर चारशेच्या आसपास. तू बघितलास तेवढाच फरक.

उडायचं अल्टिमीटरवरच. समोरून येणारा पायलट त्याच्या अल्टिमीटरवर उडतोय आणि टॉवर त्याच आकड्यानं दोघांना वेगळं ठेवतोय. पूर्वेला जाताना ५,५००, परतताना ४,५०० किंवा ६,५००, हे आकडे दाबाचे आहेत. तू एकटीनं जीपीएसची उंची धरलीस तर तुमच्यातलं अंतर तेवढं कमी होईल.

पण या फरकाचा एक चांगला उपयोग आहे. क्यूएनएच लावून उडतेस, कडक उन्हाळा आहे, आणि टॅबलेट अल्टिमीटरपेक्षा कमी दाखवतोय, असं झालं तर सब-स्केलवरचा (अल्टिमीटरवर क्यूएनएच लावतो तिथला) आकडा पुन्हा बघ, चुकीचा लागला असायची शक्यता मोठी. त्याआधी मात्र जमिनीवर उभी असताना टॅबलेटची उंची विमानतळाच्या उंचीशी ताडून घे. काही ॲप समुद्रसपाटीऐवजी पृथ्वीच्या आदर्श गणिती आकारापासूनची उंची देतात आणि आपल्या भागात त्यात साठ-सत्तर मीटरचा फरक पडतो.

असून न दिसणाऱ्याचं विचारलंस ते फार महत्त्वाचं आहे. अडथळ्यांची यादी मुख्यतः विमानतळाजवळच्या आणि खूप उंच गोष्टींची असते. शेतातले मोबाइल टॉवर, नव्या पवनचक्क्या आणि विजेच्या तारा तिथे सापडतीलच असं नाही. सोलापूर हे विजेचं मोठं ठाणं आहे, रायचूर–सोलापूर ७६५ केव्हीची लाइन इथेच येते. इंजिन थांबलं आणि शेत निवडायची वेळ आली तर स्क्रीनकडे बघूच नकोस. आधी मनोरे शोध. तारा वरून दिसत नाहीत, मनोऱ्यांची रांग दिसते. दोन मनोरे दिसले की मधे तार आहेच असं समज. चार्टचा डेटा दर २८ दिवसांनी बदलतो, तो घरून निघण्याच्या आदल्या रात्री भरून घे, आणि नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) सकाळी वाच.

आणि मिनी घेशील तेव्हा चुंबकाचं कव्हर विमानात आणू नकोस. ते डॅशवर ठेवलंस तर वरचा कंपास किती अंश फिरतो ते एकदा इंजिन बंद असताना सरांसमोर करून बघ.