एल गेल्यानंतरचं डेथ नोट आणि 'रटाळ' मॉन्स्टर

"एल मेला तिथेच डेथ नोट संपलं" असं डेथ नोट आणि मॉन्स्टर या जपानी अ‍ॅनिमे मालिकांच्या चर्चेत दोघा-तिघांनी म्हटलंय. निम्मं पटलं. (पुढे स्पॉयलर आहेत, न पाहिलेल्यांनी इथेच थांबा.) नाव लिहिलं की माणूस मरतो अशी वही लाइटच्या हाती लागते, जग त्या खुन्याला 'किरा' म्हणतं, आणि एल हा त्याच्या मागावरचा गुप्तहेर. ३७ पैकी २५व्या भागात एल जातो. त्याच्या जागी आलेला निअर हुशार आहेच, पण तो लाइटच्या शेजारी बसून त्याला जोखत नाही, त्याच्याशी टेनिस खेळत नाही. समोरासमोरची जुगलबंदीच संपली. तरी मिकामीसाठी तो उत्तरार्ध मी पुन्हा बघेन. किराला देव मानणारा हा माणूस, खोटी वही वापरायची ठरलेली असताना, आपल्या मनानेच खरी उघडतो आणि सगळा डाव उघडा पडतो. भक्तानेच देव बुडवला!

मॉन्स्टरला काहींनी रटाळ म्हटलंय, ते मात्र साफ नामंजूर. ७४ भाग आहेत, मान्य. पण डुसेलडॉर्फमधला डॉ. टेनमा महापौराला सोडून डोक्यात गोळी लागलेल्या पोरावर शस्त्रक्रिया करतो, आणि तेच पोर, योहान, पुढे खुनी निघतं, ही गोष्ट घाईत सांगून कशी चालेल? योहान स्वतः पडद्यावर कमीच येतो. तो आपल्याला कळतो तो त्याने उद्ध्वस्त केलेल्या माणसांमधून. त्यांना वेळ द्यावाच लागतो. ग्रिमर घ्या. भावना जाणवतच नाहीत, म्हणून हसणंसुद्धा शिकून घेतलेला माणूस. त्याचा शेवटचा प्रसंग मला योहानच्या कुठल्याही प्रसंगापेक्षा भारी वाटतो.

आणि टेनमाची वाग्दत्त वधू इव्हा! सुरुवातीला जाम डोक्यात जाते. पण लेखकाने तिला तिथेच सोडलेलं नाही, एवढंच सांगतो.